मेंढेवाडा आणि दुसरा नंबर

भिंतीवर नवी बाटली दिसली तेव्हाच मला कळलं, काकू आल्या.

आमच्या आणि त्यांच्या बंगल्याच्या मध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर काकूंच्या कुंड्या असतात, उन्हाळ्यात माझी वाळवणं असतात आणि बारा महिने दोघींची कोपरं असतात. नाशिकच्या या कॉलनीत येऊन मला चौदा वर्षं झाली. त्यातली निदान दोन तरी या भिंतीशी उभं राहण्यात गेली असतील. काकू नव्वद दिवसांच्या व्हिसावर फ्रान्सला गेल्या होत्या, बोर्दोला, लेकीच्या बाळंतपणाला. जाताना डिंक, आळीव, बाळंतशेपा असं सगळं बॅगेत कोंबून गेल्या आणि येताना एक रिकामी दारूची बाटली घेऊन आल्या. हिरवी, उंच मानेची, रुंद खांद्यांची. तिच्यात पाणी घालून मनीप्लांटची फांदी खोचलेली आणि खाली पाणी सांडू नये म्हणून स्टीलची खोलगट ताटली.

"काकू, हे काय! तुम्ही आणि वाइन?"

"शी! मी कशाला पितेय? जावयांनी संपवली. मला बाटली टाकवेना. नाव बघ की तिच्यावरचं."

मी पाणी पडून फुगलेलं लेबल वाचू लागले. "मुतों..."

"हळू!" काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. "तिथे यांनी सगळ्यांसमोर मोठ्यांदा वाचलं आणि लेक लाजेने अर्धी झाली. मी तेव्हाच ठरवलं, आपण मेंढेवाडा म्हणायचं. मुतों म्हणजे मेंढा आणि शातो म्हणजे वाडा. शातो मुतों रॉथशिल्ड. आपला मेंढेवाडा."

मी म्हटलं, म्हणजे मटणच की. आणि हे काही गमतीने नव्हे. फ्रेंचांचा मुतों इंग्लंडात गेला आणि मटन झाला, इंग्रजांबरोबर इकडे आला आणि आपण त्याला मटण करून रश्श्यात टाकलं. काकूंच्या घरात मटण शिजत नाही, पण हे ऐकून त्यांना भलताच आनंद झाला. तो त्यांनी लगेच दाबलाही, कारण त्यांच्याजवळ याहून मोठा ऐवज होता.

"पण मूळ नावात मेंढा नाहीच म्हणतात. जुन्या बोलीत टेकाडाला तसा काहीतरी शब्द होता, त्याचा हा झाला मेंढा. आणि गंमत ऐक. शेजारच्या वाड्याचं नाव लाफीत. त्याचाही अर्थ टेकाडच. म्हणजे हे टेकाड आणि ते टेकाड, बांधाला बांध लागलेला, आणि दोन्हीकडे आडनाव एकच. आता तूच सांग, काय होणार?"

"भाऊबंदकी."

"शंभर वर्षांवर!" काकूंनी दोन्ही कोपरं भिंतीवर टेकली. आत त्यांच्या कुकरची शिट्टी झाली. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याचं असं झालं की बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर जावयांनी आधी वेळ घेऊन सगळ्यांना मेदोक या द्राक्षांच्या पट्ट्यात नेलं. बोर्दो शहरापासून उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवर पोइयाक नावाचं गाव आहे, जिरोंद नदीच्या रुंद मुखाकाठी. काकूंना नदी काही आवडली नाही. म्हणाल्या, चहा सांडल्यासारखी दिसते. जमीन त्याहून आवडली नाही. नुसते गोटे. "आमच्या सासऱ्यांनी असली जमीन पाहायलाही नकार दिला असता. पण तिथे हेच सोनं. पाणी धरत नाही, मुळं खाली खाली जातात, दिवसा गोटे तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. एवढ्यासाठी लोक कोटी कोटी मोजतात."

रॉथशिल्डांपैकी पहिल्यांदा मोजले ते नॅथॅनियल द रॉथशिल्डने. हे पाच भावांचं सावकारी घराणं. फ्रँकफुर्टच्या ज्यू गल्लीतून निघून एकेक भाऊ लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, नेपल्स असा पसरला आणि एक घरी राहिला. म्हणून त्यांच्या चिन्हात पाच बाण. नॅथॅनियल हा लंडनच्या भावाचा मुलगा. १८५३ साली त्याने लिलावात ही वाडी ११ लाख २५ हजार फ्रँकना घेतली आणि तिला आपलं आडनाव जोडलं. पंधरा वर्षांनी, १८६८ साली, लाफीत विकायला निघालं, तर ते कोणी घ्यावं? त्याच्याच पॅरिसच्या काकाने, जेम्सने. चौपटीच्या आसपास पैसे मोजून.

"आणि काका म्हणजे नुसता काका नव्हे," काकू आवाज खाली आणून म्हणाल्या. "सासरासुद्धा. याने काकाच्याच मुलीशी लग्न केलेलं! सख्ख्या चुलत बहिणीशी, गं! आपल्याकडे मामेबहीण तरी चालते."

"पैसा घराबाहेर जाऊ नये म्हणून असेल."

"ते आहेच. पण विचार कर, जावयाने शेत घेतलं तर सासऱ्याने शेजारचं आणि वरच्या दर्जाचं घ्यायचं? सासरा घेऊन तीन महिन्यांत गेलासुद्धा. ते टेकाड काही भोगलं नाही. पण खुन्नस मागे ठेवून गेला."

वरच्या दर्जाचं, हा शब्द काकूंनी असा उच्चारला की मी सावध झाले. हा त्यांचा दुखरा विषय आहे. त्याच्याकडे मी मग येते.

तर १८५५. पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. तिसऱ्या नेपोलियनला तिथे फ्रान्सचा उत्तमोत्तम माल मांडायचा होता. बोर्दोच्या दलालांना सांगण्यात आलं की तुमच्याकडच्या वाइनींची प्रतवारी लावून द्या. दलाल ते दलाल. त्यांनी चव बघायच्या फंदात न पडता बाजारभावाच्या वह्या काढल्या आणि भावाप्रमाणे पाच पायऱ्या लावल्या. तांबड्या वाइनचे साठाच्या आसपास वाडे. पहिल्या पायरीवर चार बसले: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रिओं.

"लातूर?"

"आपलं नव्हे गं! मीही तिथे असंच ओरडले. लातूर म्हणजे बुरूज. तर चार पहिल्यात, आणि आपला मेंढेवाडा दुसऱ्या पायरीवर. दुसऱ्यात पहिला, पण दुसराच. मेंढेवाड्याचं म्हणणं, आमच्या मालाचा भाव त्यांच्या तोडीचा होता. मग का डावललं? कोणी म्हणतं, दोनच वर्षांपूर्वी लंडनवाल्याने घेतली होती वाडी, ते डोळ्यांत आलं. कोणी म्हणतं, बांधकाम धड नव्हतं, वाडा म्हणण्यासारखा वाडाच नव्हता. दीडशेवर वर्षं झाली, लोक अजून बोलतात."

मला विचाराल तर दलालांनी वह्या पाहिल्या आणि वह्यांत जे दिसलं ते लिहिलं, एवढंच असावं. पण हे काकूंसमोर म्हणायची माझी छाती नाही. गेल्या गणपतीपासून त्या चार नंबरच्या बंगल्यावरून जाताना मान उजवीकडे वळवून जातात. कॉलनीच्या उकडीच्या मोदकांच्या स्पर्धेत तिथल्या बाईंना पहिलं बक्षीस मिळालं. साच्यातल्या मोदकांना. काकूंचे हातावरचे, एकवीस कळ्यांचे होते. त्यांना काय मिळालं हे कॉलनीत कोणी उच्चारत नाही.

मेंढेवाड्याने मग ब्रीदच तसं केलं. पहिला होता येत नाही, दुसरा म्हणवून घ्यायचा नाही, मी मेंढा आहे. एका जुन्या फ्रेंच सरदार घराण्याचं असंच ब्रीद होतं, राजा होता येत नाही, राजपुत्र व्हायची इच्छा नाही, या थाटाचं. ते यांनी आपल्या मापाने बेतून घेतलं. काकूंनी हे मला तीन वेळा म्हणून दाखवलं, दर वेळी जरा जास्त ताठ मानेने.

पण नुसतं ब्रीद घेऊन बसणाऱ्यांची कथा भिंतीवर येत नसते. पुढची दोन माणसं काही विशेष लक्ष घालणारी नव्हती. नॅथॅनियलचा नातू आँरी डॉक्टर होता, टोपणनावाने नाटकं लिहायचा आणि पॅरिस सोडून या चिखलात यायला नाखूश असायचा. त्याचं शेंडेफळ फिलीप. पहिल्या महायुद्धाच्या वेळी या पोराला सुरक्षित म्हणून वाडीवर धाडलं होतं, तेव्हा त्याला तिथल्या शेणामातीची गोडी लागली. १९२२ साली तो कारभार घ्यायला आला तेव्हा वय वर्षं वीस.

"वीस! आमचा नातू वीस वर्षांचा आहे. त्याला चहा करता येत नाही."

फिलीपला बरंच काही येत होतं. मोटारींच्या शर्यती लावायचा. १९२९ च्या मोनाकोच्या पहिल्यावहिल्या शर्यतीत खोट्या नावाने उतरला आणि चौथा आला. सिनेमा काढला, नाटकाच्या थिएटरात बापाबरोबर पडला, पुढे इंग्रजी कविता फ्रेंचमध्ये आणल्या. काकूंनी यावर अचूक बोट ठेवलं: शर्यतीत चौथा आला तिथे रुसला नाही, पण वाइनमध्ये दुसरा नंबर त्याला पचेना.

आणि त्याने पहिलं काम कोणतं केलं? व्यापाऱ्याचा हात धरला. तोवर रीत अशी की वाडीवाल्याने वाइन करायची, पिंपांतून बोर्दोच्या व्यापाऱ्यांच्या गोदामात पाठवायची आणि बाटल्या व्यापाऱ्याने भरायच्या. मध्ये त्या पिंपात काय मिसळलं, कोण विचारणार? आमचे दीर दिंडोरीला द्राक्षं करतात. व्यापारी बागेवर येऊन भाव ठरवतो, माल उचलतो आणि पुढे आपल्या घडाचं काय होतं ते आपल्याला कळत नाही, हे दुखणं मी घरात रोज ऐकते. फिलीपने १९२४ साली ठरवलं की सगळा माल वाड्यातच बाटलीत भरला जाईल. शेजारच्या बड्यांनाही त्याने ते पटवलं. आज बोर्दोच्या लेबलावर वाड्यात भरल्याची ओळ मिरवतात, ती या पोराच्या हट्टापायी रूढ झाली. भरायची म्हटली तर ठेवायला जागा हवी, म्हणून १९२६ मध्ये शंभर मीटर लांबीचं कोठार बांधलं. वास्तुरचनाकार शार्ल सिक्लिस, नाटकाची थिएटरं बांधणारा.

काकू त्या कोठारात उभ्या राहून आल्या आहेत. हे सांगताना त्यांचे हात आपोआप लांब झाले. "दार उघडलं की आधी अंधार आणि वास. ओल्या लाकडाचा, जरा व्हॅनिलासारखा. मग पिंपांच्या रांगाच रांगा, पार टोकापर्यंत. एकेक सव्वादोनशे लिटरचं. ओकचं लाकूड. मला वाटलं पडदा वर जाणार आणि नांदी होणार. दीड वर्ष, कधी जास्त, ती वाइन तशीच पडून असते. मध्ये गाळ बसायला तिच्यात काय घालतात माहिती आहे? अंड्याचा पांढरा बलक! फेसून, पिंपात."

"म्हणजे शाकाहारी नव्हेच."

"तेच मी जावयांना म्हटलं. म्हणजे आता सोडा. त्यांनी ऐकल्यासारखं केलं."

वाइन चाखलीत का, हे मी सरळ विचारलं. काकूंनी आधी कढीपत्त्याची दोन पिवळी पानं खुडली. मग म्हणाल्या, "बोट बुडवलं. एकदाच. बाई गं, जांभळं खाऊन जीभ धरते ना, तस्सं. आणि वास कसला म्हणशील? शाळेत पेन्सिल तासायचो ना आपण, तसा. मला वाटलं मलाच भास होतोय, तर तिथली मुलगी म्हणाली, अगदी बरोबर, याचीच तर ख्याती आहे. काळ्या करवंदाच्या जवळपासचं काही फळ, देवदारासारखं लाकूड आणि पेन्सिल."

तुरटपणाला कारण द्राक्षाची जात. तिथे पाचातले चार हिस्से काबर्ने सोविन्यों असते. मणी बारीक, साल जाड, बी मोठं, आणि रंग आणि तुरटी सालीत. बाकी मर्लो, जराशी काबर्ने फ्रां, चिमूटभर पती व्हर्दो. नवी वाइन प्यायची म्हणजे आठ दिवसांचं लिंबाचं लोणचं वाढण्यासारखं. वीस-तीस वर्षं मुरावी लागते. काकूंना हे एकदम मान्य होतं. त्यांच्या माळ्यावर लेकीच्या लग्नाच्या वर्षीचं लिंबू आहे, काळं कुळकुळीत, आणि ते फक्त तापातून उठलेल्याला मिळतं.

इथे मला माझंही थोडं ज्ञान पाजळता आलं. कारण काकूंनी विचारलं की तिथे ओळींच्या टोकाला गुलाब का लावतात. मी म्हटलं, भुरीसाठी. जुन्या काळी गुलाबावर आधी भुरी दिसायची, मग वेलीला जपता यायचं. आणि दीर या पावसात जे निळं पाणी फवारतात, मोरचूद आणि चुन्याचं, ज्याला दिंडोरीतला प्रत्येक जण बोर्डो म्हणतो, ते या मेंढेवाड्याच्या शेजारच्या गावातलं आहे. पोइयाकला लागून सँ-ज्युलियाँ. तिथल्या द्युक्रू-बोकायू नावाच्या वाडीत रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासायचे, का, तर येणाऱ्याजाणाऱ्याने घड तोडून खाऊ नयेत म्हणून. मियार्दे नावाचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक तिकडून जात असताना त्यांना दिसलं की बाकी बागेची पानं डाऊनी रोगाने गळालीत आणि फासलेल्या तेवढ्या हिरव्यागार. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते औषध म्हणून जगापुढे ठेवलं.

"चोरासाठी केलेलं!" काकू भिंतीवर हात आपटून हसल्या. "आणि तुझे दीर अजून मारतायत!"

कुकरची तिसरी शिट्टी झाली. आतून काकांनी गॅस बंद केला असावा, कारण चौथी आली नाही.

काकूंच्या बाटलीवर मुतोंच्या पुढे 'कादे' लिहिलेलं होतं. कादे म्हणजे काय, तर शेंडेफळ. १९३० चं साल पार हुकलं, पाऊस आणि गारठा. माल असा आला की त्यावर वाड्याचं नाव घालायची फिलीपला लाज वाटली. ओतून देण्यापेक्षा त्याने ती वाइन वेगळ्या नावाने, स्वस्तात काढली. घरात तो धाकटा, म्हणून वाइनही धाकटी. ती अशी खपली की वाडीची द्राक्षं पुरेनात, मग बोर्दोभरच्या शेतकऱ्यांकडून घेऊ लागले. आज जगातल्या दुकानांत मेंढेवाड्याच्या नावाने दिसते ती बहुतेक हीच. थोरलीची एक बाटली घ्यायची तर जावयांच्या पगाराला चांगलीच कात्री लागली असती, म्हणून काकूंच्या मनीप्लांटच्या नशिबी शेंडेफळ.

मग दुसरं महायुद्ध आलं. इथे काकूंचा आवाज बदलला, आणि कोपरंही भिंतीवरून निघाली.

जर्मन आले तेव्हा फ्रान्समधल्या विशी सरकारने रॉथशिल्डांची मालमत्ता जप्त केली आणि फिलीपचं नागरिकत्व काढून घेतलं. त्याला अटक झाली. सुटल्यावर तो पिरेनीज पायी ओलांडून स्पेनमार्गे लंडनला द गॉलकडे पोचला. बायको मागे राहिली. एलिझाबेथ, घरात लिली म्हणायचे. जन्माने ज्यू नव्हेच, जुन्या कॅथलिक सरदार घराण्यातली. दोघांचं फार दिवस पटत नव्हतं, वेगळीच राहत होती. तिला वाटलं आपल्याला कोण काय करणार. गेस्टापोने तिला पकडून नेलं आणि मार्च १९४५ मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिचा अंत झाला. युद्ध संपायला काही आठवडे होते.

"सून होती गं ती," काकू म्हणाल्या. "आडनावापायी गेली."

आम्ही दोघी थोडा वेळ बोललो नाही. रस्त्यावरून भाजीवाला गेला. काकूंनी त्याला थांबवलं नाही.

त्याच वर्षीचं पीक असं आलं की शतकातल्या उत्तम सालांत धरतात. आणि त्याच वर्षी फिलीपने लेबलावर चित्र काढून घेतलं, विजयाचा मोठा व्ही. काढणारा फिलीप ज्युलियाँ, तेव्हा अगदी तरुण. तेव्हापासून पायंडाच पडला, जवळजवळ दर साली नवा चित्रकार. लेबलावर चित्रकार बोलावण्याचा नाद त्याला आधीही होता. १९२४ च्या त्या पहिल्या वाड्यात भरलेल्या बाटलीसाठी त्याने जाँ कार्लू या पोस्टरवाल्याकडून मेंढ्याचं डोकं आणि पाच बाण काढून घेतले होते. पण लोक तेव्हा बिचकले, आणि प्रकरण तिथेच थांबलं. १९४५ ला मात्र जे सुरू झालं ते थांबेना. त्या सालच्या बारा बाटल्यांची एक पेटी २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिलावात २ लाख ९० हजार डॉलरला गेली. वाइनला की कागदाला, हे घेणाऱ्यालाच ठाऊक.

ती सगळी मूळ चित्रं तिथे ओळीने लावलेली आहेत. काकू जे. जे. मधल्या नव्हेत, पण त्यांना भरतकामाची नजर आहे. कोकतो त्यांना आवडला. ब्राकचं चित्र म्हणजे फोडलेलं भांडं. दालीने एवढासा मेंढा काढून पैसे उकळले, असं त्यांचं मत. त्यावर लेकीने सांगितलं की पैसे देतच नाहीत. कोणालाच नाही. चित्राच्या बदल्यात वाइनच्या पेट्या.

"म्हणजे शिधा!" काकू खूश झाल्या. "भिक्षुकाला तांदूळ-गूळ देतात तसं. मिरो शिध्यावर, शागाल शिध्यावर, तो डबे रंगवणारा अमेरिकन वॉरहॉल, तोही शिध्यावर. अगं, इंग्लंडचा तेव्हाचा युवराज चार्ल्स, २००४ सालचं जलरंगात त्याने काढलं. त्यालाही शिधाच असणार."

आणि त्यातच त्यांना आपला माणूस भेटला. २००९ चं लेबल, शेंदरी-तांबडा, पेटल्यासारखा रंग. अनीश कपूर, मुंबईत जन्मलेला. काकूंनी तिथल्या मुलीला तीनदा सांगितलं, मुंबई, मुंबई, आमच्या नाशिकहून चार तास. मुलीने समजल्यासारखी मान हलवली.

१९९३ चं प्रकरण मात्र त्यांना पटलं नाही. बाल्त्युस नावाच्या चित्रकाराने वयात येणाऱ्या नग्न मुलीचं रेखाटन दिलं. अमेरिकेत आरडाओरडा झाला, तेव्हा तिकडे जाणाऱ्या बाटल्यांवर चित्राची जागा कोरी सोडून माल पाठवला. मग काय, जमवणाऱ्यांना दोन्ही हव्या झाल्या, चित्राची एक आणि बिनचित्राची एक. "बघ, शरम झाकली तीही विकली," काकू म्हणाल्या. ओरडा करणाऱ्यांची बाजू मला बरोबर वाटते. पण व्यापार कसा करावा हे त्या वाड्याकडून शिकावं, हेही खरंच.

"आता मुख्य," काकू म्हणाल्या आणि पुन्हा भिंतीवर आल्या.

फिलीपने आयुष्यभर एकच फाईल फिरवली. १८५५ ची यादी दुरुस्त करा. मंत्री बदलले, सरकारं बदलली, हा आपला अर्ज घेऊन उभा. शेजारी लाफीतला युद्धानंतर दूरचा भाऊबंद एली बसला होता. त्याला हे कसं रुचावं? दोघांत मालाच्या भावावरून चढाओढ. हा आपला भाव सांगायला त्याची वाट बघणार, तो याची. द्राक्षं मात्र बांधाच्या अलीकडे-पलीकडे सारख्याच पावसात भिजायची. शेवटी १९७३ च्या जूनमध्ये हुकूम निघाला. सही शेतीमंत्र्याची: जाक शिराक, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मेंढेवाडा पहिल्या पायरीवर. ११८ वर्षांनी. त्या यादीत खालचा वाडा वर चढल्याची ही एकमेव घटना.

"अर्जाला पन्नास वर्षं!" काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं, शपथ. "पन्नास वर्षं धरून ठेवलं. लोक म्हणाले असतील, सोड की आता, काय अडलंय, पैसा आहे, नाव आहे. पण नाही सोडलं. आणि ब्रीद बदललं. आता पहिला आहे, एकदा दुसरा होतो, मेंढा काही बदलत नाही."

त्या सालच्या लेबलावर पिकासो. तो एप्रिलमध्येच गेला होता. पोइयाकच्या संग्रहालयातलं त्याचं चित्र घेतलं. हे संग्रहालय फिलीपच्या दुसऱ्या, अमेरिकन बायकोने, पोलीनने, त्याच्याबरोबर उभं केलेलं. बाटली अशी नटली की विचारू नका. मी मात्र एका पुस्तकात वाचलेलं काकूंना सांगितलं, की १९७३ चं पीकच बेताचं होतं. नाव पिकासोचं, पायरी पहिली, आणि आत पातळसर वाइन.

काकूंनी ते उडवून लावलं. "पावसाचा दोष. त्याचा नव्हे."

"आणि १९७६?"

त्यांना ते माहीत होतं, पण त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या साली पॅरिसमध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनी झाकून, नाव न सांगता, फ्रेंच परीक्षकांना चाखायला दिल्या. तांबड्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, १९७३ ची. दुसरी आली १९७० ची मेंढेवाडा. पहिली पायरी मिळून तीन वर्षं होत नाहीत तोच, पुन्हा दुसरा नंबर. आणि परीक्षक सगळे घरचेच.

"झाकून कशाला चाखायचं?" काकू तापल्या. "चेहरा बघून तर लोक ओळखतात माल! आणि फिलीप काय रडत बसला का? त्याच कॅलिफोर्नियातल्या मोंडावी नावाच्या वाइनवाल्याला हाताशी धरून तिथे वाइन काढली. ओपस वन. लेबलावर दोघांची तोंडं. ज्याने हरवलं त्याच्या गावात जाऊन दुकान टाकलं."

१९८८ मध्ये फिलीप गेला. लेक फिलिपीन, जी दहा-अकरा वर्षांची असताना आईला गमावून बसली, ती नाटकात काम करायची, पॅरिसच्या कोमेदी-फ्रांसेझ या मानाच्या कंपनीत. रंग पुसून वाड्यावर आली आणि पंचवीसेक वर्षं कारभार पाहिला. २०१४ मध्ये ती गेली, आता तिची तीन मुलं बघतात. काकूंना तिच्याबद्दल फार बोलायचं होतं, पण आतून काका म्हणाले, वरण आटलं.

त्या आत वळल्या. मी बाटलीतलं पाणी कमी झालेलं पाहिलं आणि ती उचलून माझ्या नळाखाली धरली. ताटली तशीच भिंतीवर राहिली. पुसावी म्हणून हातात घेतली तर काठावर अक्षरं कोरलेली, दुकानात भांड्यावर नाव घालतात तशी: गणेशोत्सव, उकडीचे मोदक, द्वितीय.

"ठेव ती खाली," स्वयंपाकघराच्या खिडकीतून काकू म्हणाल्या. "आणि बाटली तिच्या बरोब्बर मधोमध ठेव. हलली की अक्षरं दिसतात."